साच्यांची पहिली जोडी

त्या दुपारी भाची खुर्चीत येऊन बसली, तेव्हा डॉक्टरबाईंच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी मोजून घेऊ. दातांच्या डॉक्टरांच्या वार्षिक संमेलनात चहाच्या सुट्टीआधीचं व्याख्यान, म्हणजे श्रोते अजून जागे असतात ती वेळ. पहिल्या रांगेत सर. आणि सरांच्या चेहऱ्यावर, तीस वर्षांत पहिल्यांदाच, काही बोलायला न सुचल्याचा भाव. यातलं शेवटचं सगळ्यांत मोलाचं. बाकीचं म्हणजे त्यासाठी लागणारं नुसतं सामान.

सरांनी डॉक्टरबाईंना दात सरळ करायला शिकवलं आणि मग जन्मभर त्यांचं म्हणणं खोडायचंही काम केलं. काही मुलांची हनुवटी आत गेलेली असते, वरचे दात छपरासारखे पुढे आलेले असतात. त्यांचा खालचा जबडा वाढीच्या वयात पुढे आणता येतो, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक ठोकळा बसवायचा, ठोकळ्यांना उतार असा द्यायचा की तोंड मिटायचं तर जबडा पुढे सरकवूनच मिटावं लागेल. मूल वाढत असतं, जबडाही मग तिथंच वाढतो. सरांना हे पटत नव्हतं असं नाही. पण दर संमेलनात ते उठत, चष्मा पुसत आणि एकच प्रश्न विचारत, "आज छान दिसतंय. दहा वर्षांनी काय?" आणि खाली बसत. याला कुणाकडेच उत्तर नसायचं. दात सरळ झालेलं मूल दहा वर्षांनी डॉक्टरकडे कशाला फिरकतंय?

म्हणून या वर्षी डॉक्टरबाईंनी कंबर कसली होती. जुन्या फायली काढल्या, बदललेले फोन नंबर शोधले, कुणाच्या आईला गळ घातली, कुणाच्या नवऱ्याला. तेवीस जण यायला तयार झाले. बावीस जणांची मापं झाली होती आणि त्यातल्या एकोणीस जणांचे जबडे जागच्या जागी होते. उरली होती ती तेविसावी, म्हणजे खरं तर पहिलीच. सख्ख्या बहिणीची मुलगी. एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. शाळेत मात्र पोरं तिला पोपट म्हणत, आणि ते कशामुळे हे बाजूनं पाहिलं की कुणालाही कळत असे. बाराव्या वर्षी डॉक्टरबाईंनी तिला ठोकळे बसवले. तिचे आधीचे आणि नंतरचे प्लास्टरचे साचे बाकीच्यांसारखे कपाटात नव्हते. ते टेबलावर, येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांच्या नजरेसमोर असत. त्या साच्यांच्या बळावर डॉक्टरबाईंचा दवाखाना एका खोलीचा तीन खोल्यांचा झाला.

आता भिंगरी चोवीस वर्षांची होती आणि ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होती.

"मीट तोंड," डॉक्टरबाई म्हणाल्या. भिंगरीनं मिटलं. वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. अकरा वर्षांपूर्वीच्या फाइलीतही अडीचच.

"अगं बाई!" डॉक्टरबाई हातमोजे घातलेल्या हातांनीच टाळ्या पिटायला लागल्या. "केसभर हललेलं नाही! तुला काय सांगू, भिंगरे, तू माझा हुकमाचा पत्ता आहेस. संमेलनात सरांना म्हणावं, या, मोजा."

"मोजू नका म्हणावं. मला गुदगुल्या होतात."

"चहा घेशील?"

"नको गं, जबडा दुखतोय."

"एवढा वेळ आ करून बसलीस म्हणून," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दातांचे ठसे, मेणात घेतलेला चावा आणि एक्सरे मागच्या खोलीत पाठवून दिले.

मागच्या खोलीत प्लास्टरकाका असत. एक ओटा, एक सिंक, साचे घासायचं फिरतं चाक आणि खिडकीच्या गजापर्यंत सगळ्यावर पांढऱ्या धुळीचा थर. काका सव्वीस वर्षं लोकांच्या दातांचे साचे ओतत होते. पेशंट रस्त्यात भेटला तर त्यांना ओळखू येत नसे. तो हसला की मात्र नाव, गाव आणि कितवी दाढ काढली तेही आठवे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दारातून डोकं आत घातलं. "बाई, दोन मिनिटं येता?"

"काका, बाहेर चार पेशंट आहेत."

"असू देत. दात कुठं पळून जात नाहीत."

ओट्यावर भिंगरीचे नवे साचे होते. काकांनी वरचा आणि खालचा साचा मेणाच्या चाव्यात बसवून दाखवला. जोडी झकास बसली. मग त्यांनी मेण काढून टाकलं. "आता मी काही करत नाही, हं. नुसता एकावर एक ठेवतो." आणि त्यांनी हात सैल सोडला. खालचा साचा मागे घसरला आणि टक् करून बसला. वरचे पुढचे दात त्याच्यावर लोंबायला लागले. मधे काकांची करंगळी सहज गेली.

"तुम्ही ढकललात."

"मी कशाला ढकलू? माझं काय पोरीशी वाकडं आहे?" काकांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. "हे दाढांवरचे झिजलेले डाग बघा. रोज जिथं चावतो तिथं दात झिजतात. वरचा डाग आणि खालचा डाग एकमेकांना भेटतात ते मागं. पुढच्या चाव्यात बघा, काही नाही, कोरं करकरीत. बाई, ही पोरगी पुढं जेवतच नाही. पुढं ती फक्त दिसते."

पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. काका त्याला ठेवणीतला चावा म्हणत, ठेवणीतले कपडे असतात तसा. मूल ठोकळ्यांच्या सवयीनं जबडा पुढे धरायला शिकतं आणि डॉक्टरला वाटतं, जबडा वाढला. तो ओळखायची युक्तीही सोपी आहे: जीभ मागे टाळूला लावायची आणि आवंढा गिळायचा, धरलेला जबडा आपोआप सुटतो. हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला डॉक्टरबाई ही युक्ती पहिल्याच आठवड्यात शिकवत. भाचीला त्यांनी कधी आवंढा गिळायला लावला नव्हता. घरच्या मुलीचं काय तपासायचं?

"चावा मी स्वतः घेतला होता, काका."

"तेव्हाही तुम्हीच घेतला होतात."

"तेव्हा म्हणजे?"

"अकरा वर्षांपूर्वी. तेव्हाही मेण काढलं की जोडी मागं जायची. मी आलो होतो सांगायला. बाहेर तुम्ही सगळे केक कापत होता. तुम्ही म्हणालात, काका, आत्ता नको, मेणाप्रमाणे पाठी घासून टाका, संमेलनाला उशीर होतोय."

इथे या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. साच्यांची जोडी चाव्यात धरून दोन्हींच्या पाठी चाकावर एकसारख्या सपाट घासतात. मग ती जोडी टेबलावर पाठीवर ठेवली की कुणीही, कधीही बघितली तरी दात त्याच जागी भेटतात. एकदा पाठ घासली की चाव्यावर शिक्कामोर्तब झालं. पुढे खुद्द पेशंट जरी सांगायला आला तरी साचा ऐकत नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे पाठी घासल्या होत्या. म्हणून तर जोडी अकरा वर्षं टेबलावर इतकी बिनचूक दिसत होती.

"मग नंतर का नाही सांगितलंत?"

"तुम्ही डॉक्टर, मी प्लास्टर," काका म्हणाले. मग चाकावरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, "आणि पोरगी बाहेर इतकी खूश होती."

डॉक्टरबाईंपुढे तसा सोपा रस्ता होता. तेविसावी पेशंट आलीच नाही म्हणायचं. बावीस आकडाही काही वाईट नव्हता. फाइल मिटायची, टेबलावरची जोडी कपाटात ठेवायची, आणि सरांना एकोणीसचा हिशेब ऐकवायचा. हा रस्ता त्यांना दिसला नाही असं म्हणणं खोटं होईल. दोन दिवस त्या याच रस्त्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेशंट पुढे ढकलले आणि त्या भाचीच्या शाळेत गेल्या, तेही स्वतःला "सहजच" असं बजावत.

वर्गाच्या दाराला काच होती. आत आठ मुलं अर्धगोलात बसली होती, प्रत्येकाला बाईंचं तोंड दिसेल अशी. भिंगरी सावकाश, ओठ नीट हलवत काहीतरी समजावत होती. तिची हनुवटी आत होती. बोलता बोलता थांबली की खालचा ओठ वरच्या दातांखाली विसावे. डॉक्टरबाईंना पहिल्यांदा जाणवलं ते हे, की भाची निवांत दिसत होती. अशी निवांत त्यांनी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मग एका मुलाचं काचेकडे लक्ष गेलं, त्यानं बोट दाखवलं, भिंगरी वळली. हसू यायच्या आधी हनुवटी पुढे आली. साहेब दारात दिसल्यावर कारकून शर्टाचं वरचं बटण लावतो, तशी. त्या मुलानं हनुवटीखाली बोट ठेवून ते पुढे सरकवलं आणि सगळा वर्ग खदखदून हसला.

मधल्या सुट्टीत मुलं पळाली. डॉक्टरबाई त्यांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या, गुडघे छातीशी आले.

"काय म्हणत होता गं तो?"

"कोण? काही नाही."

"भिंगरे."

भिंगरी फळा पुसत राहिली. "माझ्या नावाची खूण आहे ती. कुणी पाहुणे आले की करतात. म्हणजे, आता बाई पाहुण्यांचं तोंड लावणार." तिनं डस्टर ठेवलं. "त्यांना ओठ वाचायचे असतात ना, मावशी. माझे ओठ कधी इथं, कधी तिथं असले तर त्यांचा गोंधळ होतो. म्हणून वर्गात मी सोडून देते."

"आणि वर्गाबाहेर?"

"धरते."

"किती वेळ?"

"लोक असतील तितका वेळ."

"जीभ मागे टाळूला लाव आणि..."

"नको तपासूस. मला माहीत आहे ते. मी पुस्तकात वाचलंय, तुझ्याच कपाटातल्या." भिंगरी समोरच्या खुर्चीत बसली. "ठोकळे काढलेस त्याच्या पुढच्या महिन्यात शाळेचं शिबिर होतं, आठवतं? रात्री घालायची प्लेट मी घरीच विसरले. नऊ दिवस. परत आले तर प्लेट बसता बसेना, आणि आरशात बघते तर हनुवटी मागं. म्हटलं, झालं. मावशीनं एवढं केलं आणि मी नऊ दिवसांत मातीत घातलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"कुठल्या तोंडानं सांगू?" भिंगरी म्हणाली, आणि दोघींनाही क्षणभर हसू फुटलं. ते लगेच विरलं. "ठोकळे काढले त्या दिवशी तू रडली होतीस, मावशी. आनंदानं. तुला रडताना मी तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. आई सगळ्या नातेवाइकांना फोन करत होती. मला जमत होतं ना पुढं धरायला, मग धरलं. वाटलं, थोडे दिवस धरलं की चिकटेल. मग सवय झाली. मग सवय आहे हे सांगायची लाज वाटायला लागली."

डॉक्टरबाईंना पुढचं वाक्य समोर तयार दिसत होतं: प्लेट घालायला हवी होतीस, बाळा. वाक्य खोटं नव्हतं. ते उच्चारलं असतं तर भिंगरीनं मान खाली घातली असती, सॉरी म्हटलं असतं आणि प्रकरण कायमचं मिटलं असतं. डॉक्टरबाईंनी वाक्य तोंडात आणलंही. पण समोर मुलीची हनुवटी पुढे धरलेली होती, कानाखाली एक स्नायू बारीक थरथरत होता, आणि ते थरथरणं आपण इतकी वर्षं गालावरची खळी समजत आलो हे त्यांच्या ध्यानात आलं.

"नऊ दिवसांनी काही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नऊ दिवसांत वाढलेला जबडा मागे जात नाही. तो वाढलाच नव्हता. ठोकळे अठरा महिने ठेवायचे होते. मी आठव्या महिन्यात काढले."

"पण तू तर म्हणालीस की माझं काम लवकर झालं. शाबासकी दिलीस. पाठ थोपटलीस."

"संमेलन होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला नंतरचे फोटो हवे होते. मला वाटलं तुझं झालंय. म्हणजे, झालंय असं वाटायला मला फार आवडलं. तपासलं नाही."

भिंगरी ओरडली असती तर डॉक्टरबाईंना बरं वाटलं असतं. चार शब्द ऐकून घेतले की माणसाला थोडं फिटल्यासारखं वाटतं. भिंगरीनं तेवढंही दिलं नाही. ती नुसती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"कॉलेजचे फोटो," ती शेवटी म्हणाली. "नोकरीची मुलाखत. दातांवर दात दाबून दाबून डोकं दुखायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, त्यानं चष्मा दिला. एक मुलगा आवडायचा. त्याच्याबरोबर कधी जेवायला गेले नाही. पुढं धरून चावता येत नाही ना. तो म्हणाला, तुला माझ्यात रस दिसत नाही. मी म्हटलं, बरं. आणि दर वेळी मनात, माझ्याच निष्काळजीपणाची फळं." ती थांबली. "नऊ दिवस, मावशी. मला ते नऊ दिवस पाठ आहेत."

भिंतीवरचा दिवा उघडझाप करायला लागला. या शाळेत घंटेऐवजी दिवा असतो. बाहेर मुलं पाय आपटत येत होती.

"आता सोडू का?" भिंगरीनं विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं. चोवीस वर्षांची बाई, आठ मुलांची शिक्षिका, स्वतःच्या जबड्यासाठी परवानगी मागत होती.

"सोड."

जबडा एकदम नाही गेला. आधी ओठ हलले, मग हनुवटी अडखळत मागे सरली, कानापाशी बारीक टक् झालं. डॉक्टरबाईंना बारा वर्षांची मुलगी दिसली, चोवीस वर्षांच्या अंगावर. मधल्या वर्षांत हा चेहरा कसा कसा बदलत गेला ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना दाखवला गेला तो दुसराच होता.

"ऑपरेशन करता येतं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "चांगले सर्जन आहेत माझ्या ओळखीचे. मी स्वतः उभी राहीन. जबडा पुढे..."

"नको. पुढं आणणं आता पुरे." मग वर्गाच्या दाराकडे बघत ती म्हणाली, "व्याख्यानात सांगणार आहेस का हे?"

"तू म्हणशील तसं."

"सांग. पण महिने पण सांग. निम्मं सांगणार असलीस तर अजिबात सांगू नकोस."

पुढचे पंधरा दिवस डॉक्टरबाईंनी बावीस जणांना परत बोलावलं आणि प्रत्येकाला आवंढा गिळायला लावला. एकोणीसमधले तिघे घसरले. त्यातला एक, बँकेत नोकरी करणारा मोठा मिशीवाला गृहस्थ, खुर्चीतच म्हणाला, "डॉक्टर, प्लीज, आईला सांगू नका." डॉक्टरबाईंनी तेव्हा मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

संमेलनात त्यांनी सोळा हा आकडा सांगितला. सोळा जणांचं टिकलं होतं, आणि टिकलं होतं म्हणजे खरोखर टिकलं होतं. वाढ संपेपर्यंत ज्यांनी ठोकळे आणि मग रात्रीची प्लेट सोडली नाही त्यातले बहुतेक त्यात होते. मग पडद्यावर पहिल्या जोडीचे साचे आले, मेणासकट आणि मेणाशिवाय. सर उठले. सगळ्यांना वाटलं, नेहमीचा प्रश्न. त्यांनी वेगळंच विचारलं.

"ठोकळे किती महिन्यांनी काढलेत?"

"आठ."

"ठरले होते किती?"

"अठरा."

"मग का काढलेत?"

"संमेलन होतं, सर."

सभागृह हसलं. लोकांना वाटलं, बाई काय मिश्कील आहेत. हसू ओसरता ओसरता त्यांच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीत, तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या डॉक्टरबाईंना यशाच्या एकाही व्याख्यानाला पडल्या नव्हत्या. चहाच्या वेळी माणसं रांग लावून हात मिळवायला आली. केवढा प्रामाणिकपणा, केवढं धाडस. उपचार केव्हा थांबवावे याचे नियम ठरवायला एक समिती नेमायची ठरली आणि अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव पुढे आलं. तिथे हजर असलेल्यांत एकटे सर त्यांच्याजवळ आले नाहीत. ते लांबून चहा पीत बघत राहिले आणि कप ठेवून निघून गेले.

तर कुणी काय किंमत भरली ते आता मांडू. डॉक्टरबाईंनी एक आकडा तीननं खाली आणला आणि बदल्यात अध्यक्षपद घेतलं. काका म्हणाले होते ते बरोबर ठरलं, याचा त्यांना काहीच आनंद झाला नाही. ते दोन दिवस रजेवर गेले. ताई, म्हणजे भिंगरीची आई, बहिणीशी तीन महिने बोलली नाही. तिला राग उपचार फसल्याचा नव्हता. मुलीनं आपल्यालाही पाहुण्यांत धरलं, याचा होता. तो राग बहिणीवर काढणं सोपं होतं.

बाकी सगळं भिंगरीकडे. तिच्या बाजूला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं कुणाला दोष दिला नाही, मावशीकडे जाणंही थांबवलं नाही, दर रविवारी येते, बसते, बोलते. मात्र अकरा वर्षं धरलेली गोष्ट नुसतं सोड म्हटल्यानं सुटत नाही. कुणी दारात आलं की हनुवटी अजून आपल्या आपण पुढे येते, आणि भिंगरीला ती जागेवर मागे न्यावी लागते, दर वेळी, आठवणीनं. तेराव्या वर्षी तिनं भरायला सुरुवात केली, कशापायी ते कुणी सांगितलेलं नसताना. आता कशापायी ते तिला माहीत आहे, आणि भरणं चालूच आहे.